फोनमधील वाटाड्या आणि चालकाच्या मनातील नकाशा

कोल्हापूरहून कोकणात गाडीने उतरायचे असेल, तर घाट कोणता धरायचा हा पहिला प्रश्न असतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे मोजत गेले, तर रत्नागिरीसाठी आंबा, राजापूरसाठी अणुस्कुरा, वैभववाडी आणि खारेपाटणच्या बाजूला जाण्यासाठी गगनबावड्यातून फुटणारे करूळ आणि भुईबावडा, कणकवलीसाठी राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा आणि सावंतवाडीसाठी आंबोली, असा हा क्रम लागतो. पूर्वी या भागात नेहमी गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यात हा क्रम पक्का बसलेला असे, आणि एखाद्या घाटात दरड कोसळल्याचे कळले की कोणत्या फाट्यावरून गाडी वळवायची हे त्याला कोणाला विचारावे लागत नसे. आता आपण फोनला मुक्कामाचे नाव सांगतो आणि पडद्यावर एक निळी रेघ उमटते. त्या रेघेने गाडी बहुतेक वेळा सुखरूप पोहोचते, परंतु पोहोचल्यावर आपण कोणत्या घाटाने उतरलो असे विचारले, तर उत्तर देताना अनेकांना फोन पुन्हा उघडून पाहावा लागतो. मी स्वतः या अनुभवातून गेलो आहे आणि त्याची मला मनापासून काळजी वाटते. त्या काळजीत तथ्य किती, हे ठरवण्यासाठी फोन वाट कशी शोधतो आणि माणूस वाट कशी शिकतो, या दोन्ही गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात.

आधी फोनकडे पाहू. आपण कोठे आहोत हे फोनला कोणी सांगत नाही; ते तो स्वतःच मोजतो. जीपीएस या अमेरिकी व्यवस्थेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. संपूर्ण पृथ्वीसाठी किमान २४ उपग्रह लागतात आणि प्रत्यक्षात तीसच्या आसपास कार्यरत असतात. प्रत्येक उपग्रह 'मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात अमुक वेळ झाली आहे' एवढाच संदेश सतत प्रसारित करतो. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर या गतीने येतो; त्यामुळे तो पोहोचायला किती वेळ लागला यावरून उपग्रहाचे अंतर काढता येते. तीन अंतरे कळली की जागा ठरते, आणि फोनचे स्वतःचे साधे घड्याळ सुधारून घेण्यासाठी चौथ्या उपग्रहाची गरज पडते. येथे वेळेचे महत्त्व किती आहे पाहा: सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरने चुकते. मे २००० पर्यंत अमेरिकेने नागरी वापरासाठीच्या संकेतांत मुद्दाम अचूकतेची खोट ठेवली होती. ती काढून टाकल्यानंतरच मोटारीत बसून वळणावळणाचा रस्ता विचारणे खऱ्या अर्थाने उपयोगाचे झाले. आजचे फोन जीपीएसबरोबर रशियाची, युरोपची आणि चीनची व्यवस्थाही वापरतात, काही फोन इस्रोच्या नाविकचे संकेतही घेतात, आणि मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरच्या आत जागा दाखवतात. उंच इमारतींच्या दाटीत मात्र संकेत भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात आणि गाडी शेजारच्याच गल्लीत असल्याचा भास फोनला होतो.

जागा कळली, तरी वाट कळत नाही. त्यासाठी फोनच्या पाठीमागे असलेली संगणक यंत्रणा रस्त्यांचे जाळे अगदी साध्या रूपात मांडते: प्रत्येक चौक हा एक ठिपका, दोन चौकांमधला रस्ता ही एक रेघ, आणि प्रत्येक रेघेवर ती पार करायला लागणाऱ्या वेळेचा आकडा. आता एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत बेरीज सर्वांत कमी येईल अशा रेघा निवडायच्या. हे गणित एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये ॲमस्टरडॅममधील एका कॅफेत बसून, कागद-पेन्सिलीशिवाय, सुमारे वीस मिनिटांत सोडवले आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच्यापुढचा प्रश्न आपल्यासारखाच होता: रॉटरडॅमहून ग्रोनिंगनला जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग कोणता? आजच्या पद्धती त्याहून खूप वेगवान आहेत, परंतु त्यांचा गाभा हाच आहे. म्हणून फोनच्या उत्तरात 'चांगला रस्ता' असे काही नसते. कमीत कमी बेरजेचा रस्ता असतो. शेताच्या बांधावरून जाणारी कच्ची वाट दोन मिनिटांनी लवकर पोहोचवत असेल, तर गणिताच्या दृष्टीने तीच योग्य ठरते.

बेरजेतले आकडे येतात कोठून, हा यातला सर्वांत रंजक भाग आहे. ते मुख्यतः आपल्याच फोनमधून येतात. रस्त्यावरील हजारो फोन आपली जागा आणि वेग निनावी स्वरूपात कळवत असतात. ते सगळे रेंगाळू लागले की रस्ता लाल होतो. फेब्रुवारी २०२० मध्ये सायमन वेकर्ट या जर्मन कलाकाराने एका छोट्या हातगाडीत ९९ फोन भरून ती बर्लिनच्या जवळजवळ रिकाम्या रस्त्यांवरून ओढत नेल्याचे दाखवले, आणि नकाशावर तेथे वाहतूक कोंडी दिसू लागली. या प्रयोगातून व्यवस्थेचे सामर्थ्य आणि मर्यादा एकाच वेळी कळतात. जेथे फोन भरपूर, तेथे तिला आत्ताच्या क्षणाचे ज्ञान कोणत्याही अनुभवी चालकापेक्षा जास्त असते. खंबाटकी घाटात पुढे दोन किलोमीटरवर अडकलेल्या ट्रकची चाहूल मला स्मरणशक्तीने कधीच लागणार नाही. मात्र रात्री अकरा वाजता ज्या आडवाटेने एकही वाहन जात नाही, तिच्याबद्दल यंत्रणेकडे ताजी माहितीच नसते, आणि जुन्या अंदाजावर ती वाट मोकळी समजली जाऊ शकते. ती मोकळी असण्यामागे पूल पाण्याखाली असणे हे कारण असू शकते.

हे कल्पनेतले भय नाही. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार रात्री नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात फोनने दाखवलेल्या रस्त्याने गेली आणि पाण्याखाली गेलेल्या पुलावरून थेट पाण्यात शिरली. त्यात एकाचा बळी गेला. धरणातून पाणी सोडले की तो पूल बुडतो हे स्थानिकांना ठाऊक होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेली-बदायूँ परिसरात रामगंगेवरील तुटलेल्या पुलावरून मोटार खाली पडून तिघांचा मृत्यू झाला. पुलाचा पुढचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता आणि रस्त्यावर पुरेसे अडथळे उभे केलेले नव्हते. जुलै २०२५ मध्ये नवी मुंबईत बेलापूरहून उलव्याकडे निघालेली एक मोटार खाडीपुलावर चढण्याऐवजी पुलाखालच्या रस्त्याने पुढे जाऊन खाडीत पडली; चालक महिलेला सागरी सुरक्षा पोलिसांनी वाचवले. या शेवटच्या घटनेमागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पूल आणि त्याच्या खालचा रस्ता नकाशावर एकावर एक येतात. फोनला जागा पाच मीटरच्या अचूकतेने कळत असली, तरी उंचीचा अंदाज त्याहून कच्चा असतो. त्यामुळे गाडी वर आहे की खाली हे त्याला खात्रीने ठरवता येत नाही. २०२४ मध्ये भारतातील ४० शहरांसाठी 'उड्डाणपुलावर चढा' अशी स्वतंत्र सूचना देण्याची सोय सुरू झाली, ती याच अडचणीमुळे. अशा प्रत्येक अपघातात जबाबदारी केवळ नकाशाची नसते; फलक न लावणाऱ्या आणि रस्ता बंद न करणाऱ्या यंत्रणांचीही ती असते. परंतु गाडीच्या काचेतून समोर पाहणारा एकमेव माणूस चालकच असतो, आणि त्याने समोर पाहण्याचे काम फोनकडे सोपवलेले असेल, तर शेवटचा पहारा उठलेला असतो.

आता माणूस वाट कशी शिकतो ते पाहू. एडवर्ड टोलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात उंदरांना एका नागमोडी मार्गाने अन्नापर्यंत जायला शिकवले, मग तो मार्ग बंद करून चहूबाजूंना फुटणाऱ्या अनेक नव्या वाटा त्यांच्यापुढे ठेवल्या. उंदीर वळणांची नुसती साखळी पाठ करत असते, तर ते गोंधळले असते; प्रत्यक्षात सर्वाधिक उंदरांनी अन्नाच्या जागेकडे थेट जाणारी वाट निवडली. म्हणजे त्यांच्या डोक्यात जागेचा आराखडा तयार झाला होता. टोलमनने १९४८ मध्ये त्याला 'मनातील नकाशा' अशा अर्थाचे नाव दिले. तो मेंदूत प्रत्यक्ष कोठे असतो याचा शोध जॉन ओकीफ यांनी १९७१ पासून घेतला. मेंदूच्या आतल्या बाजूस असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात, प्राणी विशिष्ट जागी आला की चेतणाऱ्या पेशी त्यांना सापडल्या. पुढे २००५ मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोसर यांना शेजारच्या भागात जागेवर जणू षटकोनी जाळी आखणाऱ्या पेशी आढळल्या, आणि या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रोजच्या भाषेत सांगायचे, तर वाटेचे ज्ञान तीन थरांचे असते. पहिला थर खुणांचा: वडाचे झाड, पाण्याची टाकी, पेट्रोल पंप. दुसरा थर वाटेचा: टाकीनंतर डावीकडे, मग दुसऱ्या फाट्याला उजवीकडे. तिसरा थर आराखड्याचा: या दोन रस्त्यांच्या मधून नदी जाते, ती उतरणीकडे वाहते, तिच्यावर तीन ठिकाणी पूल आहेत आणि आपण आता मधल्या पुलाच्या वरच्या अंगाला आहोत. रस्ता बंद झाला की पहिले दोन थर निकामी ठरतात. उपयोगी पडतो तो तिसरा. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेला घाटांचा क्रम हा या तिसऱ्या थराचाच नमुना आहे. मराठी बोलीत हा आराखडा मुरलेला आहे. आपण कोकणात 'उतरतो' आणि घाटावर 'चढतो', खेड्यांत आजही जागा 'उगवतीला' किंवा 'मावळतीला' असते, आणि वाट फुटते तेथे देशावर 'फाटा' असतो, तर तळकोकणात 'तिठा'.

या तिसऱ्या थरासाठी मेंदूला किती कष्ट पडतात, हे लंडनच्या काळ्या टॅक्सींच्या चालकांवरून कळते. तेथे १८६५ पासून एक परीक्षा आहे. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातील सुमारे २५,००० रस्ते आणि त्यांवरील ठिकाणे पाठ असल्याशिवाय परवाना मिळत नाही, आणि तयारीला साधारण तीन-चार वर्षे लागतात. मेंदूशास्त्रज्ञ एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये अशा १६ चालकांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. मुळात मोठा असलेलेच लोक या धंद्यात येत असतील अशी रास्त शंका घेतली गेली, म्हणून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७९ उमेदवारांना सुरुवातीपासून तपासले गेले. त्यांपैकी ३९ जण उत्तीर्ण झाले, आणि वाढ फक्त त्यांच्यातच दिसली. बसचालकांशी केलेली तुलना मला अधिक बोलकी वाटते. तेही त्याच शहरात, त्याच गर्दीत, तितकेच तास गाडी चालवतात, परंतु त्यांचा मार्ग ठरलेला असतो. त्यांच्यात ही वाढ नव्हती. फरक चाकामागे बसण्याने पडत नव्हता. प्रत्येक प्रवाशाबरोबर नवी वाट स्वतः ठरवण्याने तो पडत होता.

फोन नेमके हेच ठरवण्याचे काम काढून घेतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ जणांना लंडनच्या सोहो भागातील रस्त्यांच्या चित्रफितीतून वाट काढायला लावली आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूतील हालचाल नोंदवली. स्वतः वाट शोधताना नव्या रस्त्यात शिरले की हिप्पोकॅम्पसमधील हालचाल उसळत असे; सूचनांमागे जाताना ती उसळी नव्हती. २००८ मध्ये जपानमध्ये तोरू इशिकावा आणि सहकाऱ्यांनी पायी चालणाऱ्यांची तुलना केली. जीपीएस वापरणारे लोक कागदी नकाशा वापरणाऱ्यांपेक्षा जास्त चालले, आणि ज्यांना एकदा वाट प्रत्यक्ष चालून दाखवली होती त्यांच्यापेक्षा त्यांनी नंतर काढलेले नकाशे निकृष्ट निघाले. २०२० मध्ये कॅनडातील लुईसा दहमानी आणि वेरोनिक बोहबोट यांनी ५० नियमित चालकांची पाहणी केली. ज्यांनी आयुष्यात जीपीएसचा जास्त वापर केला होता, त्यांची फोनशिवायची जागेची स्मृती कमकुवत आढळली, आणि तीन वर्षांनी त्यांच्यापैकी १३ जणांना पुन्हा तपासले, तेव्हा ज्यांचा वापर जास्त होता त्यांची घसरण अधिक होती. तेरा ही संख्या लहान आहे, त्यामुळे हा निष्कर्ष जपून वापरायला हवा. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील सुमारे ९० लाख मृत्यूंच्या नोंदींवरून आलेली माहितीही अशीच जपून वाचावी. तीत अल्झायमरमुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण टॅक्सीचालकांत १.०३ टक्के आणि रुग्णवाहिका चालकांत ०.७४ टक्के इतके कमी आढळले, तर बसचालक आणि वैमानिक यांच्यात तशी घट नव्हती. यावरून वाटा शोधल्याने हा आजार टळतो असे सिद्ध होत नाही. मात्र लंडनच्या अभ्यासाशी हा नमुना जुळतो, हे दुर्लक्षित करता येत नाही.

पडद्याच्या रचनेचाही यात वाटा आहे. गाडी वळली की नकाशा वळतो आणि 'पुढे' नेहमी 'वर' राहते. हे सोयीचे असले, तरी उत्तर कोठे आहे हे कधीच मनात ठरत नाही. शिवाय पडद्यावर पुढचे दोन-तीनशे मीटरच दिसतात. कागदी नकाशा उघडला की मुक्काम, नदी, डोंगररांग आणि न निवडलेले रस्ते एकदम दिसत, आणि नकळत त्यांचे परस्परसंबंध मनात बसत. १७६७ पासून काम करणाऱ्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत समोच्च रेषाही, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषाही असतात; त्या वाचायची सवय असलेला माणूस चढ कोठे लागणार हे घरबसल्या सांगू शकतो. तरीही कागदाचे गुणगान मर्यादेत ठेवले पाहिजे. तो छापल्या दिवसापासून जुना होतो, आणि गाडी चालवताना तो उघडणे धोक्याचे असते. स्मृतीचेही तसेच आहे. चार वर्षांनी पुण्यात परतलेल्या माणसाला एकेरी झालेले रस्ते आणि नवे उड्डाणपूल अडवतात, आणि 'मला ठाऊक आहे' हा विश्वास त्याला विचारूही देत नाही.

ताज्या माहितीत फोन वरचढ आहे, तर नावांच्या बाबतीत आपल्याकडे तो हमखास अडखळतो. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे, अशी एकाच नावाची जोडगावे महाराष्ट्रभर आहेत. एकट्या पुण्याच्या परिसरात वडगाव बुद्रुक, वडगाव शेरी आणि वडगाव मावळ ही तीन वडगावे तीन दिशांना आहेत. लग्नाच्या पत्रिकेवर नुसते 'वडगाव' वाचून ते फोनला सांगणारा माणूस कोठे पोहोचेल हे नशिबावर आहे. तेच नाव चहाच्या टपरीवर सांगितले, तर समोरचा आधी 'कुठले वडगाव?' असे विचारतो. हा उलट प्रश्न फार मोलाचा असतो.

पूरकाळात या सर्वांची कसोटी लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरामुळे पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी मानली जाते, आणि पाणी चढू लागले की रत्नागिरी रस्ता केर्लीजवळ आणि गगनबावडा रस्ता मांडुकलीजवळ अडतो, हे इथल्या चालकाला पाठ असते. त्यामुळे पावसाचा जोर पाहून तो निघण्यापूर्वीच मार्ग बदलतो. फोनला ते कळते, परंतु गाड्या अडकल्यानंतर किंवा कोणी रस्ता बंद असल्याची नोंद केल्यानंतर. दोन्ही माहिती जवळ असलेला चालक या दोघांपेक्षाही सुरक्षित असतो.

म्हणून फोन सोडावा असे मी म्हणणार नाही. अनोळखी शहरात रात्री, रुग्णाला घेऊन निघताना किंवा महामार्गावर पुढची कोंडी जाणून घ्यायला त्याला पर्याय नाही. कायद्यानेही ऑक्टोबर २०२० पासून, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, केवळ मार्ग पाहण्यासाठी फोनचा वापर मान्य केला आहे. तो हातात न धरता समोर बसवलेला असावा, कारण ताशी ६० किलोमीटर वेगात दोन सेकंद नजर खाली गेली, तरी गाडी ३३ मीटर आंधळी धावते. माझा आग्रह एवढाच आहे की नेहमीच्या वाटांवर निर्णय स्वतःकडे ठेवावा आणि नव्या वाटेवर निघण्यापूर्वी पाच मिनिटे द्यावीत.

मी स्वतः गेली काही वर्षे असे करतो. निघण्याआधी नकाशा उत्तर वर ठेवून पूर्ण मार्ग दिसेल इतका लहान करतो, नद्या कोठे ओलांडायच्या आहेत ते पाहतो, आणि वाटेवरची गावे क्रमाने एका कागदावर लिहितो. रत्नागिरीला जाताना त्या कागदावर बांबवडे, मलकापूर, आंबा, साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा अशी सात नावे असतात. फोन चालू असतो, पण त्याचा आवाज बंद असतो, आणि तो महामार्ग सोडून आत वळायला सांगतो तेव्हा आतल्या रस्त्यावर पूल आहे का हे विचारायला मी गाडी थांबवतो. परतीच्या वाटेवर फोन पिशवीत असतो. पहिल्या वेळी साखरप्यापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत दोनदा चुकलो होतो. गेल्या खेपेला आंबा घाटात धुके इतके दाट होते की मैलाचे दगडही दिसत नव्हते, आणि पुढच्या वळणानंतर चढ संपून सपाटी लागणार हे मला ठाऊक होते.